पहिलीच्या वर्गात मालक

शाळकरी मुलांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत माझी वहिनी काम करते. प्रत्येक फोटोला मुलाचे नाव देता देता तिला रोज उशीर होई आणि आमचा बॅडमिंटनचा सराव बुडे. शेवटी तिने ते काम आपोआप करणारा छोटासा प्रोग्राम लिहिला.

अंतिम सामन्याच्या दिवशी मी तिला न्यायला गेले. तिने बटण दाबताच पहिलीच्या फोटोंना हजेरीच्या क्रमाने भराभर नावे मिळाली. मात्र पहिल्याच चिमुरडीचे नाव मिळालेल्या फोटोत स्टुडिओचे टकले मालक हसत होते. प्रकाश तपासायला ते आधी स्वतःचा फोटो काढत, हे वहिनी विसरली होती. त्यामुळे अख्खा वर्ग एकेका नावाने सरकला होता.

"आता सामना समोरच्यांच्या घशात!" मी कपाळाला हात लावला.

"दम धर गं." पहिला फोटो वगळणारी एक ओळ घालून तिने पुन्हा बटण दाबले. सगळी नावे जागच्या जागी बसली.

मालक डोकावले. "मला वर्गातून काढलंत?"

"तुमचं वय बसत नाही, साहेब," म्हणत वहिनी रॅकेट घेऊन माझ्याआधी जिना उतरलीसुद्धा.