पहिल्या लॉटचं घड्याळ

हवालदारांनी खाकी पाकिटातून घड्याळ काढून माझ्या काउंटरवर ठेवलं. समोर बसलेल्या आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. हातातला फोटो तेवढा माझ्यापुढे सरकवला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. धुळ्यात आग्रा रोडजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आबा पिंपळनेरचे. त्यांचा मुलगा किसन धुळ्यात एका शाळेवर खेळाचा शिक्षक होता, खोली घेऊन एकटाच राहायचा. बायको-मुलं गावी. दोन महिन्यांपासून त्याचा पत्ता नव्हता. त्याच दिवसांत हायवेवर ट्रकखाली एक माणूस सापडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. वारस न मिळाल्यानं अंत्यसंस्कारही उरकले होते. ओळख पटवायला उरलं होतं ते हे घड्याळ.

घड्याळ क्रोनोग्राफ होतं, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं. बाजूला दोन बटणं. शर्यतीची वेळ घ्यायला बरं. कंपनी असं एखादं मॉडेल वर्षानुवर्षं काढते आणि दर लॉटला थोडंफार बदलते. या मॉडेलच्या पहिल्या लॉटचे काटे कडुलिंबाच्या पानासारखे निमुळते, डायलवर आकडे. नंतरच्या लॉटला काडीसारखे सरळ काटे, आकड्यांऐवजी रेघा.

नोकरी लागली तेव्हा आबांनीच ते किसनला मुंबईहून जुनं घेऊन दिलं होतं. फोटो त्या दिवशीचा, घड्याळ किसनच्या मनगटावर. मी भिंग लावलं. फोटोत पानासारखे काटे, समोरच्या घड्याळाला काडीचे.

"देखा भाऊ, काटा येगळा शेतस," आबा म्हणाले. "हाई मन्हा किसननं नई शे."

"बरोबर आहे, आबा. फोटोतलं पहिल्या लॉटचं आहे. हे नंतरचं."

आबांनी माझे दोन्ही हात धरले. "म्हंजे मन्हा पोऱ्या जित्ता शे!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हवालदार म्हणाले, "मला लेखी लागेल. एकदा उघडून बघा."

मी बॅक, म्हणजे मागचं झाकण, काढलं. पहिल्या लॉटच्या मशिनमध्ये स्टॉपवॉच चालवायला उभ्या खांबांचं एक छोटं चाक असायचं. पुढे खर्च वाचवायला कंपनीनं तिथं चपटी पट्टी टाकली. इथं पट्टी असायला हवी होती. होतं खांबांचं चाक.

बॅकच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेली बारीक खूण होती. आम्ही कारागीर सर्व्हिसिंग केलं की अशी खूण करतो. ही माझी होती.

मग आठवलं. पोरांना पोहायला शिकवताना घड्याळात पाणी गेलं म्हणून एक उंच मास्तर आला होता. डायल कुजलं होतं. पहिल्या लॉटचं डायल मला कुठेच मिळालं नाही. नंतरच्या लॉटचं डायल आणि काटे त्याच मशिनवर बसत होते, ते बसवले. मी म्हटलं, "सर, वेगळं दिसतंय." तो हसला. "आबांनी दिलंय, खराब झालेलं त्यांना सांगायचं नाही. आणि कळणारही नाही. मी घरी गेलो की ते माझ्या तोंडाकडेच बघतात."

हे सगळं आबांना सांगताना मला मान वर करवेना.

आबांनी फोटो परत ओढून घेतला. मग म्हणाले, "माले काबर सांगं नई त्यानी? मी काय मारतू का त्याले?"

हवालदारांनी त्यांना पाणी दिलं. पेला आबांनी हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

मी लेखी दिलं. घड्याळ किसनचंच ठरलं. पिंपळनेरला पुढचे विधी झाल्याचं हवालदारांकडून कळलं. मी गेलो नाही. जायला हवं होतं.

आबांना ती बातमी आज ना उद्या मिळणारच होती. पण मधली ती पाच मिनिटं मी त्यांना उगाच दिली. त्यानंतर दुकानात एक नियम पाळला: घड्याळाचं बॅक उघडल्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही.