काकवी आणि थेंबभर पाणी

काकवी प्रयोगशाळेत शिरला की आधी हवा हुंगायचा आणि तडक खिडकी उघडायचा. "ताई, आज बी हेक्झेनच की! डोकं दुखत न्हाय व्हय तुमचं?" दुखायचं. पण ते त्याला सांगेन तर शपथ.

त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे. श्रीपूरहून येताना तो सगळ्यांसाठी काकवी आणायचा आणि त्याचं द्रावकही तसंच दाट, म्हणून काकवी. आम्ही दोघंही एकाच कामावर होतो: एंझाइमकडून केळ्याच्या वासाचं द्रव्य बनवून घ्यायचं. त्यासाठी एंझाइम कशात तरी, म्हणजे द्रावकात, घालावं लागतं. मी ते हेक्झेनमध्ये घालायची. पेट्रोलचंच भावंड ते, वासाचं आणि भडकणारं. हा पठ्ठ्या शेतातला युरिया आणि कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलीन क्लोराइड एकत्र तापवायचा. दोन कोरड्या पांढऱ्या भुकट्या, आणि बघता बघता त्यांचा नितळ पाक व्हायचा. "सांडलं तर फडक्यानं पुसायचं की," म्हणायचा.

आमचे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर येईल त्या पाहुण्याला त्याचा पाक दाखवायचे. मी त्याच्या दोन वर्षं आधीची. शहराच्या जुळे सोलापूर भागातून रोज सगळ्यांच्या आधी पोचायची. माझ्या वाट्याला "ठीक आहे". माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग त्याचं गाडं अडलं. केळ्याचा वासच येईना. "ताई, कुटं चुकतंय?" त्यानं विचारलं. मला दिसत होतं. पाणी आलं की काम बिघडतं या धास्तीनं तो पाक अगदी ठणठणीत कोरडा करत होता, आणि एंझाइमला थोडा तरी ओलावा लागतोच. एक थेंब पाणी घाल, एवढंच सांगायचं होतं.

मी म्हणाले, "अजून वाळव."

तीन आठवडे तो वाळवत राहिला. वर माझ्या टेबलावर काकवीची बाटली ठेवून गेला, सल्ल्याबद्दल. ती मी घरी नेली आणि खाल्लीसुद्धा.

एका शनिवारी त्याच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं. त्या पाकाला हवेतली ओल ओढून घ्यायची सवयच. सोमवारी त्यानं तोच पाक वापरला आणि दुपारपर्यंत सगळा व्हरांडा केळ्यासारखा दरवळला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत त्यानं आलेख दाखवला: किती पाण्याला किती काम. पहिल्या बिंदूवर बोट ठेवून म्हणाला, "पाणी न्हाय, तर काम बी न्हाय. हा बिंदू ताईंमुळं मिळाला. त्यांनी वाळवायला लावलं नसतं, तर हे मला लई उशिरा कळलं असतं." आवाजात टोमणा शोधला मी. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो नोकरीला परदेशी गेला. मी इथेच कॉलेजात शिकवते. हेक्झेन केव्हाच सोडलं. मुलींना त्याचाच पाक करायला शिकवते आणि थेंबभर पाणी घालायला त्यांनी विचारायच्या आधीच सांगते. थोड्या वेळानं केळ्याचा वास सुटतो, मुली हरखतात. मी उठून खिडकी उघडते.