लिटमसमामांची साखर

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुणाऱ्या मदतनिसाला मुलं लिटमसमामा म्हणत. मुलांवर चिडले की ते लाल होत, मुख्याध्यापक आले की निळे. बाईंना विचारायला अवघड वाटणारे प्रश्न मुलं त्यांना विचारत. उचकी का लागते? छातीखालचा पडदा मध्येच आचका देतो म्हणून. खपली का धरते? खाली दुरुस्तीचं काम चालू असतं, झाकण काढू नये. रक्त तपासताना सुई दुखते का? "मुंगी चावल्यासारखी," मामा बेधडक सांगत. त्यांना आजवर फक्त मुंगीच चावली होती.

प्रयोगशाळेत त्यांचा कायदा एकच: नळी दोनदा धुवायची आणि उजेडात धरून पाहायची. तो मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

यंदा मामांना तहान फार लागू लागली.

"अहो, रक्त तपासून या," मामी म्हणाल्या. "तुमच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

"घरची प्रयोगशाळा असताना बाहेर कशाला?" मामा म्हणाले. सुईचं नाव त्यांनी काढलं नाही.

आठवीचा ग्लुकोजचा प्रयोग आटोपला तसा त्यांनी स्वतः धुतलेल्या नळ्यांतून एक उचलली, तीत स्वतःची लघवी आणि निळं द्रावण घातलं, आणि नळी गरम पाण्यात धरली. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. मामांचा हिरवा झाला, मग पिवळा, मग नारिंगी.

त्या दिवसापासून चहातली साखर बंद झाली. मामा मुलांशी प्रेमाने बोलू लागले, त्यामुळे मुलं घाबरली.

"माझ्यामागे नळ्या सांभाळा रे," असं त्यांनी सहावीला सांगितलं तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. मामांनी सगळं सांगितलं.

"शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवली होती का?" बाईंनी विचारलं.

तुलनेसाठीची ती दुसरी नळी मामा दर वर्षी प्रत्येक टेबलावर स्वतः मांडत.

"ती मुलांसाठी असते, बाई."

बाईंनी त्याच स्टँडवरची नळी घेतली, नळाचं पाणी आणि निळं द्रावण घालून तापवली. द्रावण हिरवं झालं, मग पिवळं.

"मामा, नळाला मधुमेह झालाय," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "नळीच्या तळाला आठवीचं ग्लुकोज राहिलंय."

"म्हणजे मी सुटलो."

"मुळीच नाही. रक्तातली साखर बरीच वाढली, तरच ती लघवीत उतरते. थोडी वाढलेली इथे दिसणारच नाही. उद्या रक्त तपासून या."

दुसऱ्या दिवशी मामी त्यांना घेऊन गेल्या. मामांनी डोळे मिटून मामींचा हात असा आवळला, की तपासणीनंतर दुखत होता तो मामींचाच.

"साखर ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर काय खाता?"

"काही नाही. येताजाता खारे दाणे."

"येताजाता म्हणजे डबाभर," मामी म्हणाल्या.

"मग तहान लागणारच. दाणे कमी करा." डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे केला. मामांनी तो हात लांब करून धरला, मग आणखी लांब, मग मामींकडे दिला. "आणि डोळे दाखवा," डॉक्टर म्हणाले.

चष्मा आला त्या दिवशी मामांनी धुतलेली प्रत्येक नळी उजेडात धरली आणि सगळ्या पुन्हा धुतल्या. आठवडाभर कोणाच्याही पिढीचा उद्धार झाला नाही.

"मामा, रक्त तपासताना दुखतं का हो?" सातवीतल्या एका मुलीने विचारलं.

मामांनी चष्मा पुसला. "मुंगी चावल्यासारखं," ते म्हणाले. "पण मुंगी मोठी असते."