बाबांच्या मापाची बाग

आत्या कापड दुमडून कापते. अर्धा कोट आखायचा, कात्री चालवायची आणि घडी उलगडली की अख्खा कोट हातात. उभा जन्म तिने हेच केलं. त्यामुळे लँडस्केप आर्किटेक्चरच्या कोर्सला नाव घातल्यावर पहिली बागही तिने तशीच काढली. अर्धी आखली, कागद दुमडला, खिडकीच्या काचेवर धरला आणि उरलेली अर्धी गिरवून टाकली. डावीकडे हौद, उजवीकडे हौद. डावीकडे बाक, उजवीकडे बाक. मधून वाट, बटणपट्टीसारखी सरळ. हौदांचे काठ तिने मुंढा आखायच्या लाकडी पट्टीने काढले होते. मला ते लगेच ओळखू आलं, कारण माझ्या सगळ्या झग्यांच्या बाह्या त्याच पट्टीवर आखलेल्या आहेत.

कोर्स घरबसल्या करायचा होता. धडे कॉम्प्युटरवर यायचे, नकाशांचे फोटो काढून पाठवायचे आणि अधूनमधून मॅडम पडद्यावरच्या एका चौकोनात दिसायच्या. जमीन, पाणी, झाडं, वाटा आणि त्यातून फिरणारी माणसं, या सगळ्याची मांडणी कशी करायची ते त्या शिकवायच्या. आई गेल्यापासून घरात मी, बाबा आणि आत्या असे तिघंच. बाबांच्या काही हे पचनी पडेना.

"माळी व्हायला हल्ली कॉलेज लागतं?" ते म्हणाले.

आत्याने तोंडातल्या टाचण्या न काढताच उत्तर दिलं, "दादा, जन्मभर बस चालवलीस. तो रस्ता कुणी आखला होता, कधी विचारलंस?"

मी विचारलं तेव्हा मात्र तिने खरं काय ते सांगितलं. "कोट शिवताना मला नेहमी वाटतं गं, हा घालून माणूस जाणार कुठे? ते 'कुठे' पण आपणच शिवावं."

असं बोलणाऱ्या बाईशी वाद काय घालणार!

मशीन सुरू झालं की ती निघायची. पाय पायडलवर, हात शिलाईवर आणि डोळे कुठेतरी लांब. दुपारचं ऊन कापायच्या टेबलावर चढायचं, खडूची धूळ त्यात तरंगत राहायची, मशीनची घरघर हळूहळू संथ व्हायची आणि आत्या आपल्याशीच पुटपुटत कुठल्याशा बागेतून चालत असायची. "कुठे आहेस?" मी विचारायची. "पाण्यापाशी," ती म्हणायची. किंवा, "थांब, चढ लागलाय." एकदा तर गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं होतं आणि ही म्हणते कशी, "या ना, पण गवतावर पाय देऊ नका." त्या बाईंनी खरंच खाली बघितलं. फरशीवर अस्तराचे हिरवे तुकडे पडले होते, त्या ते चुकवून आत आल्या.

बाबांना त्याच सुमारास पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते वाचले, पण क्लच दाबणारा डावा पाय फरफटू लागला. आमच्या घराचं मागचं दार इमारतीच्या अंगणात उघडतं. अंगण म्हणजे काय, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि कुणाकुणाच्या टाकून दिलेल्या खुर्च्या. त्या दाराचा उंबरा बाबा ओलांडायला तयार नव्हते. "वरच्या खिडक्यांतून लोक बघतात," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असेच बसून राहिलात तर पाय चालणं विसरतील. मला बाबांचा भयंकर राग यायचा. एवढा उंचापुरा माणूस, घाटातल्या वळणांवर भरलेली बस लीलया फिरवणारा, आणि एक उंबरा ओलांडत नाही म्हणजे काय! राग कसला, भीतीच होती ती. बाबा कायमचे त्या खुर्चीचे होऊन जातील, या भीतीने मला जेवण गोड लागायचं नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी खरी जागा निवडायची होती आणि ती वापरणारा एक खरा माणूस. आत्याने मागचं अंगण निवडलं आणि बाबांना निवडलं.

"मला विचारलंस?" बाबा कडाडले.

"गिऱ्हाईक आपल्या पायाने येतं. तू येत नाहीस, म्हणून उचलून आणलं."

मग मशीनवरची पुटपुट आमच्या अंगणात आली. दारातून निघायचं, इकडे गवत, तिकडे पाणी. "आणि दुसऱ्या वळणावर एक झाड. त्याची एक फांदी पार वाटेवर उतरलेली."

"उंच माणसाच्या डोक्याला लागेल की," मी म्हटलं.

"मान वाकवेल तो. मान वाकवून आत शिरलं की बागेत आल्यासारखं वाटतं."

पलीकडे बाबा रेडिओचा आवाज वाढवायचे. ही बाग त्यांना ऐकायचीच नव्हती, असं मी धरून चालले होते.

नकाशा तयार झाला. पुन्हा दोन हौद, दोन बाक, दोन्ही बाजूंनी सारख्या वळत जाणाऱ्या दोन वाटा. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला.

"देखणा आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचे भाऊ यातून चालणार कसे? त्यांचं चालणं मला यात कुठे दिसत नाही."

पडद्यावरचा चौकोन मिटला तरी आत्या तशीच बसून होती. कोपऱ्यात तिचा बिनडोक्याचा पुतळा उभा असतो, त्याच्याकडे बघत.

"अगं, प्रत्येकाचा एक खांदा उतरलेला असतो," ती म्हणाली. "कोटात मी तिथे आतून भर घालते, घालणाऱ्यालाही कळू देत नाही. आणि सख्ख्या भावाची बाग मी या ठोंब्याच्या मापाने कापली!" तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर तिने कागदाला हात लावला नाही. गळ्यात टेप अडकवून नुसती बाबांकडे बघत बसायची. बाबा आतल्या खोलीत जाताना जेवणाच्या टेबलाला लांबून वळसा घालतात, हे मीही रोज बघत होते आणि मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. आत्याने त्या वाटेचं कोडं सोडवलं. लांबच्या वाटेवरची सगळी वळणं उजवीकडची होती. भक्कम पाय उजवा, धरायला हात उजवा. डावीकडे वळायचं म्हटलं की त्यांचा तोल जायचा, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो माणूस अख्ख्या टेबलाला प्रदक्षिणा घालत होता.

नवी बाग सरळ एका अंगाला झुकली. हौद एकच राहिला. वाट दारातून निघायची आणि उजवीकडे वळत वळत पुन्हा दाराशी यायची. उजव्या हाताला कमरेइतका कठडा, आणि धाप लागेल तिथे बाक. मॅडमनी होकार दिला, पण एक अट होती. जागेवर आखणी करायची, त्या माणसाला तिथून चालवायचं आणि त्याचं चित्रीकरण पाठवायचं. आत्याला यात नवीन काहीच नव्हतं. कच्चे टाके घालून ट्रायल घेतल्याशिवाय ती कुणाचाही कोट पक्का शिवत नाही.

तिने अंगणातल्या दोऱ्या सोडल्या. त्यातल्या त्यात धड खुर्च्या विटांनी पक्क्या करून ओळीने लावल्या, तो झाला कठडा. अस्तराच्या पट्ट्या खिळ्यांनी जमिनीत ठोकल्या, ती वाट. निळं अस्तर पसरलं, ते पाणी. गुडघाभर काठीला हिरवी चिंधी बांधून रोवली, ते झाड. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळं अंगण खडूच्या रेघांनी भरून गेलं होतं आणि निळं अस्तर वाऱ्याने जरा जरा हलत होतं.

"दादा, ट्रायलला ये."

"तिथे काय आहे? चिंध्या आहेत नुसत्या," बाबा म्हणाले.

"चिंध्याच आहेत. पण ट्रायल तुझ्याशिवाय कुणाची घेऊ? पुतळा चालत नाही. आज पाठवलं नाही तर मी नापास, आणि पुन्हा परीक्षेला बसता यायचं नाही." ती गळ्यात टेप घालून दारात उभी राहिली. एरवी गिऱ्हाइकासाठी उभी राहते तशीच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने दाराची चौकट धरली. "तुझ्या मार्कांसाठी येतोय. बाकी काही नाही," म्हणाले, आणि उंबऱ्यापलीकडे गेले.

मी फोन धरून मागे होते. बाबांचा हात एका खुर्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात होता, पाय फरफटत होता, पण अडखळत नव्हता. पहिलं वळण गेलं. निळ्या अस्तराच्या कडेने ते जरा जपून गेले.

दुसऱ्या वळणावर ती काठी होती, त्यांच्या गुडघ्याएवढी. तिथे पोचल्यावर बाबांनी मान वाकवली. आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. ते वाकूनच दोन पावलं चालले, पलीकडे गेल्यावर मान वर केली आणि पुढे निघाले. वरच्या खिडक्यांतून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. आत्याने तोंडावर हात दाबला. माझा हुंदका त्या चित्रीकरणात आहे, आणि आत्या त्यासकट पास झाली.

बाबा बाकाच्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. चांगलीच धाप लागली होती. आत्याने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठे घट्ट होतंय का?"

"ते मघाचं वळण. थोडं सैल कर."

ती खडू घेऊन गुडघ्यांवर बसली आणि जुनी रेघ पुसू लागली. "आणि फांदी? थोडी वर घेऊ?"

"फांदी राहू दे," बाबा म्हणाले. "उद्या परत ट्रायल घे."