आधी टोकावडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, असं तर सगळेच म्हणतात. पण माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलं तर अख्खं शहापूर हसेल, कारण माझ्या पोटात काही राहत नाही ही माझी ख्याती. मंडप-डेकोरेशनचा धंदा माझा. लग्न असो, बारसं असो, मंडळाचा गणपती असो—खुर्च्या माझ्या, माइक माझा, आणि माइकवर बोलणाराही बहुतेक वेळा मीच. ‘वरपक्षाच्या मंडळींनी जेवून घ्यावे’ हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल. अशा माणसाने एक गोष्ट सहा-सात वर्षं गिळून ठेवली. उद्या बायकोच्या माहेरी, टोकावड्याला जाऊन ती मेहुण्यासमोर सांगायची आहे. आधी तुम्हाला सांगतो. तुम्ही अनोळखी—जिभेला जरा सवय होईल.

कुठून सुरू करू? सायलीपासून करतो. ती आमची एकुलती एक मुलगी. शिकली, परदेशात गेली, आणि स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन नावाचं बंदराचं शहर आहे, तिथे नोकरीला लागली—समुद्रात पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपनीत. त्या वर्षी मे महिन्यात तिने आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाली, मी रजा काढते, आरामात राहा, एकच शहर बघू पण सावकाश बघू. माझी बायको कुंदा नाचणीचं सत्त्व करायला बसली, वाल निवडायला लागली. आणि मी? मी नाक्यावर फ्लेक्स लावला. आमचे दोघांचे फोटो, मागे विमान, खाली ‘परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा—समस्त मित्रपरिवार’. समस्त मित्रपरिवार म्हणजे कोण? मीच. मजकूर माझा, फोटो मी निवडलेला, बांबू माझ्याच गोडाउनचे. आणि व्हिसा? व्हिसा अजून यायचा होता.

आला नाही. नाकारला. दोष व्हिसावाल्यांचा नव्हता. एजंटाने दोन-तीन कागद मागितले होते, मी म्हटलं, सोडा हो, शहापुरात आपल्याला कोण ओळखत नाही? जसा काही तिकडचा साहेब आसनगाव स्टेशनला उतरून माझी चौकशी करणार होता.

कुंदा म्हणाली, “नाय झालं तं नाय झालं. सांगून टाकू. त्यात काय लाजायचं?” किती सोपं होतं! पण नाक्यावर आम्ही दोघं वीस फूट उंचीवर हसत होतो. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात मी मिरवलो ते सगळे आता माझी टर उडवणार—हेच माझ्या डोक्यात. मी म्हटलं, आपण जायचं. म्हणजे निघायचं. पुढचं पुढे.

आणि निघालो. हार, नारळ, फोटो. माझा जुना मित्र शिवराम जीप घेऊन आला. सगळ्यांना वाटलं विमानतळावर सोडायला आलाय. शिवराम तानशाच्या तलावाजवळ मुंबईच्या एका शेठचा बंगला सांभाळायचा. शेठ वर्षातून एकदा यायचा, तेही दिवाळीत. पडघ्याच्या पुढे शिवरामने गाडी वळवली आणि आडवाटेने आम्हाला तानशाला नेऊन उतरवलं. “या साहेब,” म्हणाला, “स्कॉटलंडला मच्छर लई हायेत, कासवछाप लावून झोपा.” कुंदा तेव्हा हसली होती, हे मला चांगलं आठवतं.

पटणार नाही तुम्हाला, पण ते सुरुवातीचे दिवस आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. सायली आधी चिडली. “बाबा, हे काय नवीन?” पण तिची रजा मंजूर झाली होती, ती फुकट कशाला घालवायची? मग रोज आमच्या दुपारी—तिची तेव्हा सकाळ—ती फोन घेऊन शहरात निघायची, आणि आम्ही बंगल्याच्या पडवीत फोन तांब्याला टेकवून बसायचो. धंद्यात उभं आयुष्य धावपळीत गेलं. बायकोच्या शेजारी नुसतं बसून राहायचं, हे मला माहीतच नव्हतं.

काय शहर हो ते! सगळी घरं राखाडी दगडाची. पाऊस पडून ऊन आलं की दगड चमकायचा. कुंदा म्हणाली, “अगो, सगलं गाव एकाच खाणीतनं काढलंय जसं.” तर खरंच तसंच निघालं, सायलीने सांगितलं. बाजारातून चालता चालता गल्लीच्या टोकाला एकदम जहाज उभं. निळं, अवाढव्य. बंदर गावाबाहेर नाही, भर वस्तीत. सकाळी एक जहाज असायचं, दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरं, आणि कुंदा त्यांची रोज आठवण ठेवायची—कालचं लाल कुठं गेलं गो?

तिथे जुन्या कोळ्यांची एक वाडी आहे. बुटकी घरं, दारात फुलं, पण सगळ्या घरांची पाठ समुद्राकडे. मी म्हटलं, समुद्राकाठी घर आणि तोंड फिरवून? कुंदा पटकन म्हणाली, “दिवसभर समुद्रातच मरायचं, घरी येऊन परत तोच बघायचा का?” सायली तिकडे हसून हसून खाली बसली. त्याच दिवशी एका समुद्रपक्ष्याने तिच्या हातातली बटाट्याची कापं पळवली. आमच्या कोंबडीएवढा पक्षी, आणि डोळे चोराचे.

एकदा बाकावर एक म्हातारी भेटली. तिचं इंग्रजी सायलीलाही अर्धंच कळत होतं. इथल्या गावच्या लोकांची बोली वेगळी आहे, सायली म्हणाली, शाळेतली नाही. कुंदाला फार बरं वाटलं. म्हणजे त्यांच्यातही आपल्यासारखं ‘नाय’ नि ‘आमी’ म्हणणारे आहेत तर. म्हातारीने विचारलं, तुम्ही कुठे आहात? कुंदा फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, “तानसा!” म्हातारीने मान डोलावली.

संध्याकाळी मात्र माझी दुसरी ड्यूटी. शहापूरहून कुणी ना कुणी व्हिडिओ कॉल करायचं. मी मे महिन्यात स्वेटर घालून पांढऱ्या भिंतीसमोर बसायचो आणि घाम आला की म्हणायचो, इथे घरोघर हीटर. शहापूरहून गॅसची गाडी आली की जास्वंदीमागे लपायचो. हसा, हसा. मीही हसायचो तेव्हा.

मग एका दुपारी टोकावड्याहून फोन आला. कुंदाचा थोरला भाऊ, बाळूदादा. सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, मुरबाडला दवाखान्यात ठेवलंय, उद्या ऑपरेशन. “कुंदे, आय सारखी तुझंच नाव घेते गो. येशील का?”

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मी हातानेच नाही म्हटलं. आणि कुजबुजलो—तिकीट बदलत नाय म्हणून सांग. ते खोटं माझं, पण बोलायला लावलं तिला. ती बोलली. मग दादा म्हणाला, “बरं. फिरा तुमी.”

तानशाहून मुरबाड किती लांब? सकाळची न्याहारी पचायच्या आत पोचलो असतो. शिवरामची जीप दारात होती. सायलीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, बाबा, आईला जाऊ द्या. मी म्हटलं, बघू. आता काय सांगायचं लोकांना? स्कॉटलंडहून एका दिवसात मुरबाडला कशी पोचली? मी कुंदाला समजावलं. डॉक्टर आहेत, दादा आहे, तू जाऊन काय करणार? आणि ती थांबली. थांबली असंच म्हणतो मी.

ऑपरेशन चांगलं झालं. देवाची कृपा, माझी नव्हे. ठरल्या दिवशी आम्ही ‘परत’ आलो. येताना कल्याणच्या बाजारातून परदेशी चॉकलेटं घेतली, आणि तसेच टोकावड्याला गेलो. सासूबाईंनी कुंदाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. वहिनी म्हणाली, “आल्या का इमानातनं उतरून?” बाळूदादाने चॉकलेटचा डबा उचलला, कुंदाच्या पिशवीत परत ठेवला आणि शेतावर निघून गेला. तेव्हापासून तो बहिणीशी बोलत नाही. त्या दिवाळीला भाऊबीजेला आला नाही, पुढच्या कुठल्याच नाही. कुंदा अजून आईला भेटायला जाते, पण दादा घरी नसेल अशी वेळ साधून. तो यायच्या आत निघते. स्वतःच्या माहेरातून!

तिने एका शब्दाने कुणाला खरं सांगितलं नाही. सायलीलाही शपथ घातली. नवऱ्याची अब्रू जायला नको. आणि तो नवरा काय करत होता? दर लग्नात, पंगतीला उशीर झाला की माइकवर चालू—‘आम्ही ॲबर्डीनला असताना...’ बटाटा पळवणाऱ्या पक्ष्याची गोष्ट तर पोरांना पाठ आहे. मी ती सुरू केली की कुंदा बायकांतून उठायची आणि स्वयंपाकाकडे जायची. मला दिसायचं. दिसत नव्हतं असं नाही. मला भित्रा म्हणा, चालेल. पण भित्रा माणूस निदान गप्प तरी बसतो ना?

या वर्षी सायलीने परत अर्ज केला. सगळे कागद तिने स्वतः केले, मला हातही लावू दिला नाही. व्हिसा आला. दोघांचाही. मी नाचत घरात गेलो. कुंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आधी टोकावडे. मंग स्कॉटलंड.”

मी म्हटलं, म्हणजे?

“दादाला सांगायचं. तुमी. मी नाय. नायतर तुमी एकलेच जा इमानात.”

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मला भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या मागोमाग, कसं सांगू, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. परवापासून घरात दोन बॅगा भरायला पडल्यात. मोठीत सायलीसाठी वाल, सत्त्व, कुरडया. छोटी टोकावड्याची, आणि तिच्यात कुंदाने रात्रीचं पातळ ठेवलंय. इतकी वर्षं ती माहेरी रात्री राहिली नाही. आता राहणार आहे म्हणे. दादा काय म्हणेल ते त्यालाही माहीत नाही, मलाही नाही, पण हिने पातळ ठेवलंय! सकाळपासून गुणगुणतेय सुद्धा.

आज दुपारी मी गोडाउनमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून सराव केला. हसू नका, मला दुसरं काही येत नाही. “दादा, झालं असं, की व्हिसा ऐनवेळी नाकारला, फ्लेक्स तर लागला होता, लोक जमले होते, मान-अपमानाचा प्रश्न—”

“यवढं कशाला?” कुंदा चहा घेऊन शटरपाशी उभी होती. “त्याला काय तुमचं भाषण पायजे?”

मी परत म्हटलं. “दादा, कुंदा तेव्हा स्कॉटलंडला नव्हती, तानशाला होती. मीच तिला येऊ दिलं नाही.”

तिने कप खुर्चीवर ठेवला. “आन फाटक?”

मला वाटलं होतं ती विसरली. नाही, तेही खोटं. मला वाटलं होतं ती बोलणार नाही. बघा ना—तुम्हालाही मी ते सांगितलं नाही. एवढं सगळं सांगितलं, स्वेटर सांगितला, जास्वंद सांगितली, आणि हे वगळलं. ‘थांबली’ म्हटलं. ती थांबली नव्हती. दादाचा फोन ठेवला, पायांत चपला घातल्या, पिशवी घेतली आणि चालू लागली. मी मागून धावलो. ती फाटकाशी पोचायच्या आत मी साखळी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. झाडांना पाणी घालत असलेल्या शिवरामने तोंड दुसरीकडे फिरवलं. कुंदा गज धरून उभी राहिली, मग तिथेच मातीत बसली. दिवस मावळेपर्यंत. तेवढ्यात शहापूरहून कॉल आला, आणि मी स्वेटर चढवून आत बसलो आणि त्या पक्ष्याची गोष्ट रंगवून सांगितली. तिला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

गोडाउनमध्ये मी तिच्यासमोर हे सगळं बोललो. पहिल्यांदाच. तिने समोरची एक खुर्ची ओढली, पदर सावरला आणि बसली. “हां,” म्हणाली. “आता परत म्हणा. थोडक्यात.”

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. बाळूदादा ओट्यावर असेल, सासूबाई काठी घेऊन शेजारी बसलेल्या असतील. कुंदा माझ्या मागे नाही, बाजूला उभी राहणार आहे. आणि मी इतकंच म्हणणार आहे—

दादा, तुमची बहीण निघाली होती. फाटकाला कुलूप मी घातलं.