नऊ चिठ्ठ्या आणि एक खुर्ची

खोटं कशाला बोलू, मोजपट्टीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. गेली एकवीस वर्षं दुखतंय. आम्ही दोघी एकाच सोमवारी या पंपांच्या कारखान्यात लागलो, मी खरेदी खात्यात आणि ती तपासणी खात्यात. बाईमाणसाने पर्समध्ये कंगवा ठेवावा की नाही? ही पट्टी ठेवते! म्हणून अख्खा कारखाना तिला मोजपट्टी म्हणतो, आणि तेही प्रेमाने. मला नुसतं 'खरेदीच्या बाई'.

तिचे एकेक पराक्रम ऐका. एकदा दोनशे पंप ट्रकमध्ये चढत होते आणि हिला एका झाकणाशी केसाएवढी फट दिसली. मोठे साहेब ओरडले, ड्रायव्हर ओरडला. ही बया एका पेटीवर ठाण मांडून बसली, मांडीवर डबा उघडला आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी तोवर जेवून घेते." ट्रक काही हलला नाही. पंप तपासले तर एकशे बारा गळके निघाले. तेव्हापासून कामगार घरचं दुखणंखुपणंसुद्धा तिलाच सांगतात. ही गोष्ट ऐकून माझा नवरा म्हणाला, "शिक जरा तिच्याकडून." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

यंदा संचालक मंडळातली एक खुर्ची रिकामी झाली. मंडळात आजवर एकही बाई बसलेली नाही. चेअरमनांनी आम्हा नऊ खातेप्रमुखांना बोलावलं. सात पुरुष आणि आम्ही दोघी. "एखादी बाई वर आली तर मला आनंदच आहे," ते म्हणाले, "पण आपली पद्धत ती आपली पद्धत." पद्धत अशी, की प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, स्वतःचं सोडून. ज्याला जास्त मतं, तो मंडळावर.

मोजपट्टीचं नाव लिहायला हवं, हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं! पण डोळ्यांपुढे आलं, ती आत त्या लांब टेबलाशी बसलीये आणि मी फाईल घेऊन तिच्या सहीसाठी दारात उभी. एवढ्या वर्षांनी बाईला एक जागा मिळणार, आणि तीही हिलाच? का म्हणून? मत वाया घालवायचं म्हणून मी वाहतूक खात्याच्या प्रमुखाचं नाव लिहिलं. त्याला आम्ही होयबा म्हणतो. साहेब म्हणाले ऊन आहे, तर हा भर पावसात घाम पुसेल. त्याला कोण विचारतंय, असं मनाशी म्हणत मी चिठ्ठीला चार घड्या घातल्या.

चेअरमन एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले. आठ झाल्या तेव्हा होयबाला तीन, मोजपट्टीला तीन, हिशेब खात्याच्या प्रमुखाला एक. आणि एक मला! ते कोणाचं, याचा विचार करायलाही सवड मिळाली नाही, कारण टेबलावर उरलेली एकुलती एक चिठ्ठी चार घड्यांची होती.

होयबा उठून उभा राहिला तेव्हा त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाहेर जिन्यात मोजपट्टीने मला गाठलं. डोळे लाल, पण हसत होती.

"जाऊ दे गं. एका मताने गेलं. मी तर तुझंच नाव लिहिलं होतं. म्हटलं, ही किती वर्षं राबतेय, कुणीतरी लिहायला नको?"

मी कठडा धरला. म्हणजे तिची तिन्ही मतं पुरुषांची होती.

"पण तीन तरी मिळाली," ती म्हणाली. "त्यातलं एक तुझं, हे मला न सांगता कळलं. हो ना?"

"हो," मी म्हटलं.