झाडावरची सुलभा

माझी बायको सुलभा माहेरी फोन करायची तो खजुराच्या झाडावरून. खाली रेंज नाही, म्हणायची. खरं म्हणजे तिला वर बरं वाटायचं.

अरबाबाच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, घरात ती स्वयंपाकाला आणि मी त्याच्या शेतावर. ओमानच्या सरहद्दीचं कुंपण शेतावरून दिसायचं. शाळेची व्हॅन आत येत नसे. आमची नीता वाळू तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत जायची.

नीता आठवीत होती तेव्हाची गोष्ट. खजुराला फळ धरायचं तर नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात हाताने खोचून बांधावा लागतो. फुलोरा उमलला की कोणासाठी थांबत नाही, आणि उमलतो तो नेमका वार्षिक परीक्षेत. त्या वर्षी माझा खांदा निखळलेला. अरबाब म्हणाला, "लडकी हलकी है, उसको चढाओ. परीक्षा अगले साल भी आएगी."

सुलभाने पदर खोचला. मला म्हणाली, "मला चौथीतून काढली भात लावायला. परत कोणी शाळेत घातली नाही. हिला नाही काढू देणार. मी चढते."

"पडशील."

"पडले तर उचला. माझा बाप पोफळींवर चढायचा, मी काय नुसती बघत होते?"

कमरेला पट्टा बांधून चढली की हो! पण पहिल्या झाडावर तुरा बाहेरूनच गुंडाळला, गजऱ्यासारखा. मी ओरडलो, "अगं, आत खोच! झाड लग्नाला नाही चाललंय!"

"लग्नच आहे हे! नवरदेवाला जरा मिरवू दे की!"

अरबाब आला, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "या सलाम! खलास, लडकी स्कूल जाएगी." त्यानंतर दरवर्षी सुलभाच चढली.

दहावीचा निकाल लागला तेव्हाही ती वरच, घोस बांधत होती. नीता धावत आली, "आई, आय पास्ड! फर्स्ट क्लास!"

"मराठीत ओरड! कुंपणापलीकडे ऐकू जाऊ दे!"

"पास झाले!"

सुलभा इतकी हसली की झावळ्या हलल्या.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं. खोली खायला उठते, खोटं कशाला बोलू?

नीता आता शहरात, अल रीमला राहते, ऑफिसात आहे. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, फुलोरे आले ना? आय विल टेक लीव्ह. या वर्षी मी चढते."

"रजाबिजा काही नको. कामावर जा," मी म्हटलं. तिची आई हेच म्हणाली असती, वर दोन शिव्या घालून. शेजारच्या शेतावरचा पठाण येतो मदतीला. झाडांचं आम्ही बघतो.